कोमट पाण्याची साक्ष

१

नवरीच्या सात बांगड्या गेल्या त्या भर दुपारी, डाळिंबवाल्या हम्मामाच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या न्हाणीघराच्या, मधल्या खोलीतून. आत आठ-दहा बाया, दाराशी तामू, बाहेर चौकात जानेवारीचं फिकं ऊन. जिथून कधी साबणाची वडी हलली नव्हती, तिथून सोनं गेलं.

आधी आवाज आला तो नवरीच्या आईचा. खदूज, मानानं लल्ला खदूज म्हणायचे तिला, ओल्या अंगाला पंचा गुंडाळून बाहेरच्या खोलीत धावत आली आणि तामूच्या बाकासमोर मटकन खाली बसली. पणजीपासून चालत आलेल्या बांगड्या, हिरव्या रेशमी रुमालात बांधून कोनाड्यात ठेवलेल्या, आणि आता कोनाडा रिकामा. परवा लग्न. शामा उघड्या हातांनी सासरी गेली तर लोक काय म्हणतील, हे ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

या दाराशी बसायला लागून तामूला एकेचाळीस वर्षं झाली होती. येणारीनं आपलं बोचकं तिच्यापाशी ठेवायचं, आणि जाताना तिनं ते न विचारता हातात द्यायचं. चिठ्ठी नाही, खूण नाही. दुपारची अजान झाली की मधल्या खोलीत बाया विसरून गेलेले पंचे, वज्र्या, कंगवे गोळा करून बाकाखालच्या टोपलीत टाकायचे आणि संध्याकाळी ज्याचं त्याला द्यायचं, हेही तिच्याकडेच. फेज शहराच्या त्या मोहल्ल्यात दोघींचं जुंपलं की लोक म्हणायचे, तामूला विचारा. ती सांगेल ते खरं. याचा तिला थोडा ताठा होता, नाही असं नाही.

म्हणून आत्ताही सगळ्यांनी तिलाच विचारलं. खदूजनं नवरीच्या शेवटच्या पाण्याची बादली भरून मधल्या खोलीत ठेवली, तेव्हापासून आत कोण कोण गेलं?

"बाहेरून एकट्या लल्ला बतूल आल्या," तामू म्हणाली. "दुसरं कुणीही नाही. मी इथून हलले नाही."

लल्ला बतूल म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या. वरपक्षाकडून न्हाणाला आलेली, शहरातल्या जुन्या घराण्यातली बाई. ती शांतपणे म्हणाली की आपण पोचलो तेव्हा कोनाडा रिकामाच होता. गरम खोलीतल्या बायांनी सांगितलं की त्या बादलीनंतर आतून मधल्या खोलीत एकटी रकिया गेली होती; किती वेळा, ते कुणी मोजलं नव्हतं. ते जड दार उघडलं की भिंतीवर आपटतं, त्यामुळे दुसरी कुणी गेली असती तर कळलंच असतं.

मग सगळ्यांच्या माना रकियाकडे वळल्या. रकिया बायांना अंग घासून न्हाऊ घालायची. एकोणीस वर्षं तिचा खरखरीत हातमोजा मोहल्ल्यातल्या प्रत्येक पाठीवरून फिरला होता. नवरा वारलेला, हम्मामाच्या मागच्या खोलीत मुलीला घेऊन राहायची. काम गेलं की छप्पर गेलं, असा तिचा हिशेब.

बायांची वेळ असल्यानं मालक हाज इद्रीस आत येऊ शकत नव्हता. तो दारावरच्या पडद्यापलीकडून बोलला. तिसऱ्या प्रहरच्या अजानीला पुरुषांची वेळ सुरू होते, तोपर्यंत सोनं मिळालं तर ठीक, नाहीतर रकियानं आपलं सामान उचलावं.

"तोवर मला विचारपूस करू द्या," तामू म्हणाली. रकियानं चोरी केली असेल यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणि रकियाभोवती फास आवळला होता तो तिच्याच शब्दांनी.

२

झडती तर होऊन गेलीच होती. सगळी बोचकी उलगडली, पंचे झटकले, रकियाला बिचारीला उभी करून तिचे केस सोडून पाहिले. काही नाही. खदूजच्या बहिणीचं म्हणणं, भट्टीवाल्याच्या बाजूला भिंतीत भोक आहे, त्यातून दिलं असेल तिकडं. भट्टीवाला बहात्तर वर्षांचा, त्याला स्वतःची काठी सापडायची मारामार, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार.

तामूनं आधी लल्ला बतूलला बोलावलं. पाय शेगडीशी ओढून घेतले, कारण मोजे ओलसर लागत होते आणि गुडघा सकाळपेक्षा जास्त ठणकत होता. हवाच तशी होती.

बतूलबाईंनी सगळं नीट सांगितलं. चौकात चिखल, सपाता माखल्या, म्हणून कारंज्यावर त्या धुतल्या. पाणी असं की बोटं जागेवर आहेत की नाहीत कळेना. तिथून तडक आत. मधल्या खोलीत नवरीची बादली दिसली, संत्र्याच्या फुलांचा वास येत होता. शकुनाचं पाणी म्हणून त्यात हात घातला.

"चटका बसला," त्या म्हणाल्या. "कढत पाणी होतं. म्हणजे नुकतीच भरलेली बादली. आणि तेव्हाच कोनाड्यात काही नव्हतं. सुनेचा दागिना बघावा म्हणून मी मुद्दाम तिकडं पाहिलं."

मग रकिया आली. ती बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. शामाच्या अंगाला लावायची माती भिजवायचं मडकं मधल्या खोलीत राहिलं होतं, ते आणायला ती आली होती. कोनाड्यात रुमालाचं हिरवं टोक तिला दिसलं. जाता जाता बादलीत हात घालून पाहिला.

"गार पडलं होतं, मावशी. नवरीच्या अंगावर असलं पाणी कसं ओतायचं, म्हणून लल्ला खदूजला सांगायचं ठरवलं, आणि घासायच्या गडबडीत राहून गेलं."

"गार म्हणजे कोमट?"

"गार. अंगावर शहारा आला माझ्या."

तामूनं मनाशी हिशेब मांडला. ती काही शिकलेली नव्हती, पण एवढं कुणालाही कळतं. पाणी आधी कढत असतं आणि मग गार होतं. म्हणजे बतूल आधी आली, आणि तेव्हा रुमाल नव्हता. रकिया त्यानंतर कधीतरी आली, आणि तिला म्हणे रुमाल दिसला. गेलेला रुमाल परत येऊन बसतो का कुठं? दोघींपैकी एक खोटं बोलत होती, आणि बतूलबाईंना खोटं बोलायचं कारण नव्हतं. मग रकिया त्यांच्याही आधी एकदा येऊन गेली असणार, आणि ते लपवत असणार.

बाहेर बसलेल्या बायांनीही तोच हिशेब केला होता. कुणीतरी रकियाच्या मुलीचं नाव काढलं, की पोरीला उजवायची असेल, म्हणून घेतलं असेल सोनं. रकियानं मान वर केली नाही.

३

तामू डोकं धरून बसली होती तेवढ्यात तिच्यासमोर एक साधीच गोष्ट घडली. शेजारच्या गल्लीतली एक बाई बाहेरून आली. तिला चोरीची गंधवार्ता नव्हती. उंबरा ओलांडून तिनं खांदे सैल सोडले आणि म्हणाली, काय छान ऊब आहे गं इथं. त्याच क्षणी गरम खोलीतून बाहेर आलेली शामाची मावसबहीण पंचा घट्ट ओढून कुडकुडत म्हणाली, दार लावा ना, काय हा गारठा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दुसरीचं डोकं फिरलंय, असं दोघींच्याही तोंडावर लिहिलं होतं.

एकेचाळीस वर्षं तामू हे दिवसातून पन्नासदा ऐकत होती. येणारीला हीच खोली गरम, जाणारीला हीच खोली गार. खोली बिचारी आहे तिथंच. तामूला कधी त्यावर हसायलाही सुचलं नव्हतं, इतकं ते रोजचं होतं.

ती उठली, गुडघ्याला शिवी दिली आणि तीन बादल्या मागवल्या. एकीत कारंज्याचं पाणी, एकीत भट्टीजवळच्या हौदातलं सोसेल इतकं कढत, आणि तिसरीत दोन्ही अर्धं अर्धं. सगळ्या बाया गोल करून उभ्या राहिल्या. तामूला म्हातारचळ लागला असं कुणीतरी हळूच म्हणालं, ते तिनं ऐकलं आणि सोडून दिलं.

"लल्ला बतूल, डावा हात कारंज्याच्या पाण्यात घाला. उजवा कढत पाण्यात. मी म्हणेपर्यंत काढायचा नाही."

बतूलबाईंना असला पोरखेळ आवडला नाही, पण भाचेसुनेच्या सोन्याचा प्रश्न होता. अंगठ्या काढून त्यांनी दोन्ही हात बुडवले. तामूनं मनातल्या मनात शंभर आकडे म्हटले. मग तिनं दोन्ही हात उचलून तिसऱ्या बादलीत एकदम घालायला लावले.

बतूलबाईंनी हात बाहेर काढले, पुन्हा घातले.

"सांगा ना," खदूज म्हणाली.

"डाव्या हाताला कढत लागतंय," बतूलबाई सावकाश म्हणाल्या, "आणि उजव्याला गार. एकच बादली, आणि माझेच दोन हात आपसांत भांडतायत."

मग एकेकीनं करून पाहिलं. गलका उडाला, दोघी-तिघी हसल्याही. तामूनं सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं. लल्ला बतूलचा हात कारंज्यावरून आला होता, त्याला कोमट पाणी कढत लागलं. रकियाचे हात सकाळपासून भट्टीशेजारी वाफेत, त्यांना तेच पाणी गार. दोघीही खरंच बोलल्या. बादली दोन्ही वेळेला कोमटच होती. तेव्हा पाण्यावरून कोण आधी आणि कोण नंतर हे ठरत नाही. रकिया आधी आली असेल, तेव्हा रुमाल होता. थोड्या वेळानं लल्ला बतूल आल्या, तेव्हा नव्हता.

रकियानं पहिल्यांदा मान वर केली. पण बतूलबाईंचा चेहरा उतरला, कारण पुढचं त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"रकिया खरं बोलते, तर ती रुमाल तिथंच सोडून परत आत गेली. आतून दुसरं कुणी आलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि बाहेरून माझ्याखेरीज कुणी गेलं नाही, असं तामू म्हणते. मग चोर मी झाले."

खदूजनं लेकीचा हात घट्ट धरला. आता सोन्याचं राहिलं बाजूला, लग्नच मोडायची वेळ आली होती.

४

तामूला एका निरपराध बाईला सोडवताना दुसरीला अडकवायचं नव्हतं. बतूलबाई तोऱ्याच्या होत्या, पण चोर? छे. मग कुठंतरी काहीतरी राहत होतं. तिनं खदूजला पुन्हा पहिल्यापासून विचारलं. कोनाड्यात नेमकं काय काय ठेवलं होतं?

"रुमाल. सांगितलं ना."

"नुसता रुमाल? उघड्यावर?"

खदूज जरा घुटमळली. पाहुण्यांसमोर बोलायची तिला लाज वाटत होती. शेवटी म्हणाली की दहा बायांचे डोळे, कुणाची दृष्ट लागायची, म्हणून तिनं रुमाल घरच्या एका फाटक्या, ओल्या पंच्यात कोंबला होता. वर दोन जुन्या वज्र्या ठेवल्या. बघणाऱ्याला वाटावं की कुणाची तरी अडगळ पडली आहे.

"मग तो पंचा कुठाय?"

तो पंचाही नव्हता. वज्र्याही नव्हत्या. बायांनी मधली खोली पुन्हा पालथी घातली.

तामू बाकावर येऊन बसली. आता हे नवीनच. चोराला सोनं दिसलं, तर तो रुमाल ओढून घेईल आणि चिंधी टाकून देईल. अख्खं फाटकं बोचकं, वज्र्यांसकट, कोण उचलेल? ज्याला आत सोनं आहे हे माहीतच नाही, तोच. चिंध्या म्हणूनच ज्यानं उचललं, तोच. आणि या हम्मामात चिंध्या, वज्र्या, विसरलेले पंचे उचलत हिंडतं कोण?

तिला हसू आलं. मग ते हसू ओठांवरच राहिलं.

तिनं खाली पायांकडे पाहिलं. मोजे अजून ओले होते. बाहेरची खोली कोरडी ठणठणीत, सकाळी पुसलीही नव्हती. पाणी साचतं ते मधल्या खोलीत. आणि गुडघा असा ठणकतो तो थंडीनं नाही, मधल्या खोलीची ती एक उंच पायरी चढल्यावर.

तामूनं आठवायचा प्रयत्न केला. दुपारची अजान झाली, तिनं तिचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हटले, आणि मग लल्ला बतूल दार ढकलून आत आल्या. मध्ये ती इथंच बसली होती. तिला ते स्पष्ट दिसत होतं, समोरच्या दारासारखं स्पष्ट. कुराणावर हात ठेवून सांगितलं असतं.

बाया तावातावानं बोलत होत्या. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तामूनं वाकून बाकाखालच्या टोपलीत हात घातला. सगळ्यांची झडती झाली, पण ही टोपली कुणी पाहिली नव्हती. दारावरच्या तामूची झडती कोण घेणार? वरच एक ओला पंचा लागला. त्यात दोन वज्र्या. त्याखाली गाठ मारलेलं रेशीम, आणि रेशमातून बोटांना लागलेल्या सात गोल कडा.

तिचा हात तिथंच थांबला. कुणी पाहिलं नव्हतं. रुमाल झग्यात लपवून मधल्या खोलीत जायचं, मोरीत टाकायचं आणि ओरडायचं की सापडलं, पाण्यानं वाहून आलं होतं. रकिया सुटेल, बतूलबाई सुटतील, लग्न होईल. आणि तामूही दारावर राहील. अर्ध्या मिनिटाचं काम. चौकातून तिसऱ्या प्रहरची अजान सुरू झाली.

५

"इकडं या सगळ्याजणी," तामू म्हणाली.

तिनं फाटका पंचा बाकावर ठेवला आणि सगळ्यांसमोर उलगडला. खदूजनं झडप घालून बांगड्या मोजल्या, सातच्या सात, आणि रडत लेकीच्या हातात चढवायला लागली. बाकीच्या बाया मात्र तामूकडे बघत होत्या.

"मी म्हणाले, मधल्या खोलीत कुणी गेलं नाही," ती म्हणाली. "मी गेले होते. रोजच्यासारखी पडलेलं गोळा करायला. चिंधी म्हणून उचललं आणि टोपलीत टाकलं. मला ओलं लागलं, जड लागलं, पण ओला पंचा जडच असतो."

"मग सांगितलं का नाहीस मघाशी?" बतूलबाईंनी विचारलं. आवाजात राग कमी होता, नवल जास्त.

"आठवतच नाही मला. आत्ता डोळे मिटले तरी मी या बाकावर बसलेलीच दिसते. एकेचाळीस वर्षं रोज तीच फेरी. पाय आपले जातात, येतात. तुम्ही विचारलंत कोण गेलं, तेव्हा मी दाराकडे बघून सांगितलं. मी स्वतः काही मला दारात दिसत नाही."

मग बतूलबाईंनी आपल्या अंगठ्या पुन्हा बोटांत घातल्या, रकियासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मी तुला मनातल्या मनात चोर म्हटलं, मला माफ कर. एवढ्या मोठ्या घरातली बाई, पण मान खाली घालून म्हणाली. खदूजच्या बहिणीनं भट्टीवाल्याबद्दलचं आपलं बोलणं गिळून टाकलं. मग कुणीतरी जीभ हलवून लग्नघरातला तो लांब आनंदाचा आवाज काढला, सगळ्यांनी त्याला साथ दिली, आणि नवरीला घेऊन बाया घाईघाईनं निघाल्या. पुरुष बाहेर पंचे खांद्यावर टाकून ताटकळले होते.

बोचकी देताना तामूनं पहिल्यांदाच प्रत्येकीला विचारलं, हे तुझंच ना गं? एकीदोघींना ते ऐकून कसंतरी झालं.

सगळ्या गेल्यावर तिनं कमरेची दाराची किल्ली सोडली आणि बाकावर ठेवली. दारावरच्या बाईकडे असतं काय, तर तिचा शब्द. आणि आज तिच्या शब्दानं एक बाई रस्त्यावर यायची राहिली होती. उद्यापासून हाज इद्रीसनं दुसरी बघावी. रडू आलं ते तिनं येऊ दिलं.

रकिया अजून चौकटीलाच टेकून उभी होती.

"शिव्या दे मला," तामू म्हणाली. "तुझा हक्क आहे."

"शिव्या कसल्या, मावशी." रकिया आपले पाण्यानं सुरकुतलेले पंजे उलटेपालटे करून बघत होती. "तुम्ही म्हणालात ना, कुणी गेलं नाही, तेव्हापासून मी या हातांकडे बघत होते. मी रुमाल तिथंच सोडला हे मला चांगलं आठवत होतं. पण वाटलं, तामूमावशी सांगतायत म्हणजे तसंच असणार. घेतला असेल मीच, आणि मला आठवत नसेल. दोन तास मी मनातल्या मनात शोधत होते, की कुठं ठेवला असेन."

असा विश्वास आपल्यावर कुणी ठेवला होता, आणि आपण त्याचं काय केलं, हे तामूला या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. तिनं किल्ली उचलून रकियाच्या हातात द्यायला हात पुढे केला.

पडद्यापलीकडून हाज इद्रीस खाकरला. सोनं मिळाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं, कसं मिळालं तेही. त्यानं विचारलं की उद्या दारावर बसणार कोण, ते काय ते आत्ता सांगा, माणसं खोळंबली आहेत.

रकियानं किल्ली घेतली नाही. तिनं हातमोजा बाकाच्या कडेला ठेवला आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "दोघी बसू. माझ्या हातांखाली बाई नसेल तेव्हा मी येत जाईन. मावशींनी बघितलेलं मी विचारीन, मी बघितलेलं त्या विचारतील."

मग ती तामूकडे वळली.

"सरका जरा तिकडं," ती म्हणाली, आणि बाकावर टेकली.